शत्रूच्या भूमिकेत फर्डिनंड

वसई, रविवार

तीर्थरूप सरोजिनीताईस,

धाकट्या आत्मारामचा वाकून नमस्कार (कंबरेमुळे अर्धाच). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? आम्ही इकडे खुशाल, म्हणजे तुझी भावजय स्वप्ना खुशाल आहे आणि माझ्याशी मोजकंच बोलते. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी ते पुरं व्हायला हवं.

सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी आम्ही सिनेमा काढला. विषय वसईच्या किल्ल्याची लढाई, मराठे विरुद्ध पोर्तुगीज. कॅमेरा बी विंगमधल्या संकेतचा (लग्नांचे व्हिडिओ काढतो), लेखन-दिग्दर्शन माझं. पहिल्याच बैठकीत मी बजावलं की लढाई दाखवू, पण राजकारण बिलकूल नको. मग कात्री लावत सुटलो. धर्माचा उल्लेख नको, काढला. लढाई का झाली हे वादाचं, तेही काढलं. शेवटी पोर्तुगीज हा शब्दसुद्धा खटकायला लागला, म्हणून नुसतं 'शत्रू' ठेवलं. उरली ती तलवारबाजी आणि घोडा. (घोडा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचा, पर्यटकांना फेरी मारून आणणारा. चार पावलं दौडला की सवयीने मागे वळायचा, त्यामुळे आमचा सरदार प्रत्येक चढाईत घराकडे निघाल्यासारखा दिसतो.)

अडलं ते शत्रूपाशी. सोसायटीतले यच्चयावत पुरुष मावळे व्हायला तयार, शत्रू व्हायला एक नाही. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात फर्डिनंड आला. तुझा फर्डिनंड गं, सांडोरचा, ज्याच्या वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी तुला दर उन्हाळ्यात पोचतात आणि आमच्या सत्यनारायणाला केळीचे खुंट जो स्वतः आणून बांधतो. उंच आहे, मिशा आहेत, सूट आहे, असं मी सगळ्यांना पटवलं. खरं कारण त्याचं नाव होतं, हे मला तेव्हा उमगलंच नाही. तो हसत हो म्हणाला. भर एप्रिलच्या उन्हात लग्नातला सूट घालून किल्ल्यात घामाने निथळत उभा राहिला, आणि एकदाच म्हणाला, "भाऊ, तेव्हा आमची माणसं इथंच भात लावत होती. ती तुझ्या सिनेमात कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, "फर्डिनंड, राजकारण नको."

परवा संध्याकाळी अंगणात पडदा लावला. फर्डिनंड आणि इनेझवहिनी पुढच्या रांगेत. पडद्यावर त्याने तलवार खाली ठेवून मान झुकवली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, आता बोटीत बसवून पोर्तुगालला पाठवा याला. सगळं अंगण हसलं. ताई, मीही हसलो. सिनेमा रंगला म्हणून हसलो, पण फर्डिनंडने वळून नेमकं माझ्याकडेच पाहिलं. मग त्याने आपली आणि वहिनींची खुर्ची घडी करून भिंतीला लावून ठेवली आणि दोघं निघून गेली. (बाकीच्यांच्या खुर्च्या मला उचलाव्या लागल्या.)

फार वाईट वाटतंय गं. कुणी दुखावू नये म्हणून मी कोण, कशासाठी, कुणाविरुद्ध हे सगळं वगळलं, आणि शत्रू ओळखायला लोकांपुढे काय ठेवलं, तर माझ्या मित्राचं तोंड. ती भात लावणारी माणसं दाखवली असती तर सभेत दोनचार जण तावातावाने भांडले असते आणि चहा पिऊन घरी गेले असते. काल वाडीवर जाऊन आलो. त्याने बसायला खुर्ची दिली आणि मला 'आत्मारामसाहेब' म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दाजींना नमस्कार.

तुझा
आत्माराम

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की तू त्याला फोन कर. तुझा शब्द तो मोडत नाही. यंदाच्या सुकेळ्यांची चौकशी कर, म्हणजे ओघात माझाही विषय निघेल.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात वॉचमन सुकेळ्यांचं पुडकं घेऊन आला. फर्डिनंड फाटकावरच देऊन गेला. दरवर्षी तो वर येतो, चहा घेतो, आणि पुडकी दोन असतात, एक तुझं, एक आमचं. यंदा एकच आहे, वर तुझं नाव लिहिलेलं. तेव्हा फोन करू नकोस. मीच पुन्हा जातो. तो आपल्या माणसांचं परत विचारील, आणि या वेळी मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.