कल्कीची फळी

माघ व. ३, शके १८८२ (सन १९६१)
सभामंडपाच्या छताची तक्तपोशी आज कंदील धरून पाहिली. दहा फळ्या, दहा अवतार. मत्स्यापासून कल्कीपर्यंत केवळ काळोख. मागे वाळवी लागली तेव्हा भिकू तांडेलाने होडीस देतात तसे उंडीचे तेल, राळ घालून, सर्व चित्रांवर भक्तीने चढविले. "आबानू, माजी होडी दर्यात टिकता, मगे देवाची फळी टिकाची नाय?" आम्ही सर्वांनी धन्यता मानली. लाकूड टिकले. परमेश्वर दिसेनासा झाला.

माघ व. ७
पुराणवस्तु खात्याचे रसायनज्ञ आले. तरुण, पण वहाणा मंडपाबाहेर काढल्या, बरे वाटले. भिंगातून पाहून म्हणाले, "तेल विरघळेल. त्याबरोबर रंगही येईल की काय, हे एक फळी पणाला लावल्याखेरीज सांगता येणार नाही." भिकू खांबाशी उभा होता. त्याला कोणी बोल लाविला नाही. कोणी पाहिलेही नाही.

माघ व. ८
गुरवाने ग्रामदेवतेस पाकळ्या लावून कौल मागितला. उजवी पडली; अनुज्ञा मिळाली. परंतु कोणती फळी, ते देवी सांगत नाही. मानकरी म्हणाले, "पुराण तुमी सांगतास, तुमीच सांगा." वामनाखाली बसून आमचा चि. वासुदेव पहिला श्लोक शिकला. कै. लिहावयाचे, हात अद्याप चि. लिहितो. वामन देणार नाही. राम, कृष्ण कसे देऊ? कल्की म्हणालो.
भिकू इतक्या दिवसांत प्रथमच बोलला, "येवचो आसा तेकाच आधी धाडतास, आबानू?"
मंडळी हसली. मीही हसलो. घरी जेवण गेले नाही.

माघ व. १०
रसायनाचा बोळा फिरला. कापूस काळा झाला आणि अश्वाचा खूर उजळला, शुभ्र. हात जोडले गेले. पुढच्या बोळ्यावर निळसर झाक. साहेबांनी हात आवरला. "आबा, घोड्यामागे मूळचे निळे होते काय? असेल तर चित्रच उतरते आहे, थांबतो. नसेल तर झाक तेलाची. उद्या पुढे जातो."
या फळीखाली उभे आयुष्य पुराण सांगितले. खड्ग, अश्व, मुद्रा, सर्व मुखोद्गत. मागचा रंग आठवत नाही.
भिकूस विचारले, शेवटचे त्यानेच जवळून पाहिले.
"माका निळोच दिसलो. पण आबानू, दर्यावरचो माणूस मी. माका सगळाच निळा दिसता."
साहेब सकाळी येतील.