रिनीच्या सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे

२९ मार्च २०२०, रविवार
चर्च बंद. उपासना मोबाईलवर. आवाज तुटत होता, पण माझी प्रार्थना स्पष्ट गेली असावी.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी रिनी रक्ताळून घरी आली. मूळची मिझोरमची. कोविड वॉर्डात नर्स आहे, आमच्याच चर्चमध्ये गाते. ड्यूटीवरून येताना दूध घ्यायला थांबली, तर एकानं "ए कोरोना, चीन जा" म्हणत तोंडावर पान थुंकलं, केस धरून रस्त्यावर आपटलं. ओठ फाटला, गुडघे सोलले. बाकीचे व्हिडिओ काढत होते. माझ्या बायकोनं, प्रतिमानं, तिला धुऊन-पुसून डेटॉल लावलं.

चर्च कमिटीचा सेक्रेटरी मी, घरमालकही मीच. म्हणजे आता हे प्रकरण माझ्याकडे. संकल्प: असा निषेध की पूर्ण जबलपूर हलेल.

३१ मार्च
कमिटीची ऑनलाइन मीटिंग. मी निषेधाचा ड्राफ्ट वाचला. खजिनदार भय्यासाहेब म्हणाले, "वंशभेद" शब्द जड होतो, "गैरसमज" लिहा. मी मनातल्या मनात कडाडून विरोध केला आणि "गैरसमज" लिहिलं. चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांचं वेगळंच. म्हणे, कागद राहू द्या, तिला ड्यूटीवर सोडायला कोण जाणार ते सांगा. विषयांतर.

रिनीला ड्राफ्ट हिंदीत समजावला. म्हणाली, "अंकल, गलतफहमी नहीं थी। बाल पकड़कर पटका था।" नाजूक भाषा प्रत्येकाला कळत नाही.

४ एप्रिल
सकाळी रिनीची स्कूटर जळालेली. सीटवर रॉकेल ओतलं होतं. फाटकावर कोळशानं "चीनी वायरस".

समोरचे किराणावाले शैलेंद्र भैया म्हणाले, "साळवेजी, इसको निकालो, नहीं तो हम निकालेंगे।" मी ठणकावून सांगितलं, विचार करतो.

प्रतिमा म्हणाली, "काहून विचार करतो म्हटलं? नाही म्हणता येत नाही का?" शाळेतल्या पोरांना दटावणं वेगळं, मोहल्ला सांभाळणं वेगळं.

६ एप्रिल
प्रतिमानं मला न विचारता पाळकसाहेबांशी ठरवून टाकलं. लॉकडाउनचा पास काढला. त्यांच्या कारमधून रिनी जाते-येते. मी भाषण तयार करून राहिलो आहे, बंधुभावावर. जमाव समोर आलाच तर माझ्या दोन शब्दांनी विरघळेल, याची खात्री आहे. फॅक्टरीत युनियनची भांडणं मीच मिटवायचो. (एकदा.)

१० एप्रिल, गुड फ्रायडे


दुपारची उपासना मोबाईलवर सुरू होती. रिनीला सुट्टी, वर झोपली होती. गल्लीत गोंधळ. बाहेर येऊन पाहतो तर लाठ्या, रॉड, तोंडाला गमछे. शैलेंद्र भैया पुढे. म्हणाले, "भैया, सिर्फ बात करनी है।" मागून प्रतिमा ओरडली, "अहो, उघडू नका." पण बंद फाटकातून भाषण कसं करणार? मी कडी काढली. "प्यारे भाइयो" एवढं बोललो. ते मला ढकलून जिन्यावर गेले. मी कुंड्यांत पडलो.

रिनीला केसांना धरून जिन्यावरून ओढत आणलं. डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं. एकानं पोटात लाथा घातल्या. एकानं तोंडावर रॉड मारला, भुवई उघडली, भिंत लाल झाली. प्रतिमा तिच्या अंगावर आडवी पडली. मग लाठ्या प्रतिमाच्या पाठीवर. मनगट मोडल्याचा आवाज मला न्हाणीघरात ऐकू आला. तिथं मी पोलिसांशी संपर्क प्रस्थापित करत होतो. आतून कडी लावली होती, लक्ष विचलित होऊ नये म्हणून.

पाळकसाहेब आले, चर्चची काही माणसं घेऊन. लाठ्या खाल्ल्या, पण हटले नाहीत. मग पोलीस. ते पाळकसाहेबांच्या फोनवर आले. माझा फोन अजून लागायचाच होता.

उपासना मोबाईलवर सुरूच राहिली होती. त्यामुळे चर्चच्या पूर्ण मंडळीनं सगळं ऐकलं. म्हणजे माझे दोन शब्दही पोहोचले असतील.

१२ एप्रिल, ईस्टर
हॉस्पिटलच्या बेडवरून रिनी मोबाईलवर आली. भुवईला टाके, एक डोळा बंद. म्हणाली, "मैं गाना नहीं गाऊँगी आज। मुँह नहीं खुलता। आप लोग गाइए, मैं सुनूँगी।" लोक गायला लागले आणि मध्येच थांबले. भय्यासाहेबांनी सांगितलं, "वंशभेद हाच शब्द होता, तो मीच खोडायला लावला." पोलीस केसला मंडळी साक्षीदार म्हणून उभी राहणार, असं ठरलं.

मी भाषण पूर्ण करायची तयारी दाखवली. पाळकसाहेब म्हणाले, "अनुपमजी, आज तुम्ही फक्त ऐका."

प्रतिमा शेजारच्याच बेडवर. हाताला प्लास्टर. कॅमेऱ्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. पण कॅमेऱ्यात सगळ्यांकडेच पाहिल्यासारखं वाटतं.

१४ एप्रिल
इन्स्पेक्टर घरी आले. लॉकडाउन वाढला असूनही. मी चहा ठेवला, शर्ट बदलला, भाषणाची प्रत काढली. त्यांनी प्रत बाजूला सारली. प्रतिमाचा जबाब हॉस्पिटलमध्ये घेऊन झाला होता. तिनं गमछ्यामागचे सगळे ओळखले, नावानिशी. फाटक कोणी उघडलं, या प्रश्नावर "माझ्या नवऱ्यानं" म्हणाली.

मी उद्देश समजावला. त्यांनी तो लिहून घेतला नाही. तपास पूर्ण होईपर्यंत जबलपूर सोडायचं नाही, एवढंच सांगितलं.

जाऊन जाणार कुठं? घरीसुद्धा ना प्रतिमा परत यायला तयार आहे, ना रिनी.