एक रिकामी ओळ

आळेफाटा,
गुरुवार, १२ जून २०२५

तेजस्विनी,

मंगळवारी छपाईच्या दुकानात तू शेठच्या पोराच्या, अंकितच्या खुर्चीमागं वाकून हसलीस आणि माझं डोकं फिरलं. तुझ्या आईचा गुडघा बरा असेल. मी ठीक.

चार महिने तुझ्या बोलीभाषेवरच्या प्रबंधातले, वाक्यातले शब्द जोडणारे बाण मीच काढत होतो. 'ठकूबाईनं भाकर थापली व्हती.' कुठला शब्द कुणाला धरून आहे ते तू बोट ठेवून सांगायचीस, मी रेघ ओढायचो. तुझं बोट कागदावर असलं की मला स्क्रीन दिसायची नाही, राव. अवसरीचं इंजिनिअरिंग कॉलेज अर्ध्यात सोडलं, पण तिथं शिकलेलं एवढंच कामी आलं. माझा बाण शब्दाला बांधलेला असतो, शब्द सरकला की तोही सरकतो. मात्र वेळ लागतो.

अंकितनं तेच काम दोन दिवसांत करून दिलं. वर मला म्हणतो, "भाऊ, तुझे बाण म्हंजी मुंग्या. माझे बघ, लाल!" आणि तू हसलीस. त्यात हसण्यासारखं काय व्हतं?

त्याचे बाण मजकुरावर नुसते ठेवलेले.

काल तो जेवायला गेला तेव्हा छापण्याआधी फाइल उघडली. ऋणनिर्देशात त्याचं नाव. माझं नाही. मी तिसऱ्या प्रकरणाच्या डोक्यावर एक रिकामी ओळ घातली. मजकूर खाली गेला, बाण वरच राहिले. ठकूबाईच्या भाकरीचा बाण वरच्या वाक्यातल्या म्हशीच्या शेपटावर. तशाच पाच प्रती छापून बायंडिंगला दिल्या.

वाटलं, अंकितचं तोंड पडेल. आज सकाळी तुझा फोन आला, "तू छापलंस ना सूरज, मग मी कशाला तपासू?" तेव्हा कळलं, उद्या पुण्यात प्रबंध देताना तुझ्या सरांसमोर तोंड तुझं पडणार.

त्या प्रती बायंडिंगहून परत आणून फाडल्या. ओळ काढली असती तरी भागलं असतं, पण त्याचे लाल बाण पुन्हा छापायला हात उठेना. माझ्या जुन्या फायलीत सातच आकृत्या करायच्या राहिल्या होत्या, त्या दुपारपर्यंत केल्या. नव्या पाच प्रती टेबलावर आहेत. या वेळी तपासून घे. ऋणनिर्देशाला हात लावला नाही. कुणी विचारलं तर बाण अंकितचेच म्हण. मला ते ऐकवणार नाही, म्हणून इथं थांबत नाही.

शांतीलालशेठना सगळं सांगितलं. म्हणाले, "बस, पाणी पी."

पत्र वरच्या प्रतीत ठेवलंय. दार ओढून घेतो.

तुझ्या प्रबंधात नाव नसलेला,
सूरज