समुद्राकडची ओळ

निम-आ वस्ती,
१७ नोव्हेंबर

प्रिय सिऊ-ग्वेतताई,

तुझा खोकला उतरला का? तुमच्या तैपेईतली थंडी ओली, तेव्हा सूनबाईच्या हातची आल्याची पेज चुकवू नकोस. इकडे ईशान्येचा वारा सुटलाय. वाळत घातलेल्या मासळीलाही वाळूची चव लागते. परवा किनाऱ्यावर शाळेतली लाटांची कविता म्हणून पाहिली. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ती मात्र सबंध आठवली!

तर, किनाऱ्यावरचा जुना कचराडेपो साफ झाला. देवळाच्या अंगणात सभा झाली होती. सरकारी कचेरीतल्या मुलीनं दोन मार्ग सांगितले: वरून जाड आच्छादन आणि माती घालून बाग करायची, नाहीतर सगळं उपसून, चाळून, वेगवेगळं करायचं. पुष्कळांना बाग हवी होती.

"झाका की," मासेमार आ-ख्यून म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"समुद्र उघडतोय ती मूठ," मी म्हणालो. "दर वादळानंतर तुझ्याच जाळ्यात माशांपेक्षा पिशव्या जास्त असतात ना रे?"

सगळे हसले. अखेर उपसायचं ठरलं. मासळीसाठी तेच बरं होतं. पण मी हात वर केला तो आईसाठी, हे तुला सांगायला नको. पुरलेल्या आईच्या अस्थी काही वर्षांनी वर काढून, वेचून कलशात ठेवायची वेळ येण्याआधीच दफनभूमीवर कचऱ्याच्या गाड्या आल्या. तेव्हापासून बाबांचा अस्थिकलश एकटाच आहे, आणि तू तिची वाट पाहते आहेस.

मोठी चाळण दिवसभर गरगरायची. चपला, काचा, पिशव्या; पिशव्यांवरची अक्षरं अजून ताजी. माणसाचं काही दिसलं की यंत्र थांबे आणि अस्थी वेचायचा धंदा करणारे, हो आडनावाचे मास्तर खड्ड्यात उतरत. मी काठावर काळी छत्री उघडून तयार. आईच्या कवटीला ऊन लागायला नको.

सूनबाई, इथून पुढचं सावकाश वाच. तिचा हात धर.

ताई, आई सापडली नाही. समुद्राकडची थडग्यांची पहिली ओळ केव्हाच वाहून गेली होती. तिथे कचरासुद्धा नव्हता, नुसतं पाणी. पाठीशी टेकडी, समोर समुद्र, अशी जागा तू हौसेनं निवडलीस. सगळ्या गावानं वाखाणली होती. मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा तिच्याहून चांगली जागा नव्हतीच.

हो मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "काका, मागच्या ओळींतल्या बेवारस अस्थी पुष्कळ आहेत. एक कलश भरून देतो, पायांपासून कवटीपर्यंत नीट बसवून. ताईंना दिसतंय कुठे?"

"तिच्या हातांना कळेल."

"हातांना काय कळतंय? हाड ते हाड!"

मी कबूल होणारच होतो. कलशावरून फिरणारे तुझे हात डोळ्यांसमोर आले होते. मग वाटलं, ती बेवारस हाडं ज्या बाईची, तीही कुणाची तरी आई. तिला कायमची परक्या पुरुषाशेजारी कशी बसवू? आणि आपले बाबा तरी काय म्हणतील?

आईसाठी आणलेला रिकामा कलश दुकानात परत केला.

रडू नकोस, असं लिहीत नाही. रड. पण औषध घेत जा, जेवत जा. आईची हाडं म्हणशील तर आता तुझी आणि माझी, एवढीच उरली. तुझ्याकडची जप.

तिच्या पोटचा, तुझ्या पाठचा,
बुन-हिओंग