टस्कनीला जायाची वाट

दहिवडी, ता. ९ फेब्रुवारी १९६४

तीर्थरूप बिराप्पामामांच्या पायावर भाच्याचं, म्हंजे अर्जुनाचं, डोकं. हितं माणसं नि मेंढरं दोन्ही खुशाल हायत. इस्लामपुरात कारखान्याच्या गेटावर हुबं राहून तुमचा गुडघा कुरकुरतोय का गप हाय, ते कळवा. रंगुमामींच्या पाया पडतो. (मी लिहिलेली गोष्टबी खुशाल हाय. सत्तावीस पानांत एकच वाक्य. मासिकानं साभार परत धाडली.)

मामा, मी इटलीला जायाचं ठरवलंय. सगळ्या इटलीला न्हाई, टस्कनी नावाच्या मुलखाला, जितं तुमची पलटण चव्वेचाळीस साली हुती. तितं एका कोटाच्या दारात तुमी तीन दिस पहारा दिला नि आत लढाईपासनं वाचवायला आणलेली चित्रं भिंतीला टेकून ठेवली हुती, यवडं मला ठावं हाय. कालेजात मी तसल्या चित्रांचे फोटू बगितले, काळेपांढरे, काडेपेटीयवडे. खरी माणसायवडी असतात म्हणं. तुमाला इचारलं की तुमी म्हणता, "लय बाया हुत्या." आवं, कसल्या बाया? निळ्या वस्त्राची हुती का? कुणापुढं तुमी जरा जास्त येळ हुबं ऱ्हायला? खांद्यावर बंदूक, बुटाला चिखल, नि माणच्या धनगरापुढं एकदम यवडी देखणी माणसं. तवा तुमच्या मनात काय आलं, हे मला कवापासनं छळतंय. तीन शब्दांत उरकू नगा.

घरात सांगितलं तर अण्णांनी मला नकाशा पसरूच दिला न्हाई. मेंढरं हलवायची असली की बसतात तसे ते शेजारच्या नानासोंना घिऊन अंगणात बसले नि काठीनं मातीत वाट वडली. पहिला सवाल, "पाण्याच्या जागा किती?" म्हणलं, अण्णा, सगळं पाणीच हाय, बोटीनं जायाचं. "मग उतरल्यावर बसायचं कुणाच्या रानात?" (मेंढरं रानात बसवून खत द्यायचं नि रानमालकाकडनं दाणं घ्यायचं, ह्याबिगर दुसरा प्रवास अण्णांना ठावंच न्हाई.) नानासो म्हणले, "आरं गड्या, वळखीचा रानमालक न्हाई तितं पाय टाकू नये." आई चुलीकडनं म्हणली, "चित्रं देवाची हायत का रं?" म्हणलं, व्हय, पोराला मांडीवर घेतलेली आई हाय त्यात. "मग जाऊ द्या की त्येला. दुसरं काय बगायला जायाचं असतं?"

आता गंमत बगा. तिकडं जायाला सरकारी शिष्यवृत्ती मिळती, तिच्या अर्जातबी नानासोंचाच सवाल हाय: तिकडं वळखीचं घर कुठलं? त्या घरचं पत्र मार्चअखेर जोडलं न्हाई तर अर्ज बाद. म्हणून तुमी हितं ठेवलेल्या पेटीतल्या फोटूमागचा पत्ता उतरवून मी आसुंताबाईंना लिहिलं. ज्यांची विताना अडलेली मेंढी तुमी पहारा सुटल्यावर मोकळी केली, त्या. त्यांचं उत्तर आलं. साताऱ्याच्या एका पाद्रीबुवांनी वाचून दाखवलं. मेंढी पुढं नऊ वर्सं जगली. तुमची लय आठवण काढतात.

पत्र लांबलं. मामींना पुन्यांदा दंडवत.

तुमचा भाचा,
अर्जुना

ता.क. आसुंताबाई अर्जाला पत्र देणार हायत, खोलीबी देणार हायत. फकस्त यवडंच म्हणणं हाय, की मे महिन्यात कातरणी असती, तवाच यावं नि घरच्यांसंगं दोनशे मेंढरं कातरू लागावं. बिराप्पाचा भाचा म्हंजे कातर हातात घिऊनच जन्मला असणार, असं त्यांनी धरूनच चाललंय.

दुसरा ता.क. मीबी त्यांना लिहून टाकलंय, की माण तालुक्यात माझ्यासारखा कातरणारा न्हाई. मामा, तुमाला म्हणून सांगतो, मी आजवर एक मेंढरू कातरलेलं न्हाई. दर कातरणीला परीक्षा काढून साताऱ्याला पळालो. आठ दिस रजा काढून या नि मला शिकवा. चित्रांचं मग सावकाश सांगितलं तरी चालंल.

तिसरा ता.क. काल कुणी नसताना एका मेंढीवर हात चालवून बगितला. निम्म्यावर निसटली नि गावभर फिरून आली. अण्णांनी इचारलं, "हे काय?" म्हणलं, प्रयोग. त्यांनी घरातल्या सगळ्या कातरी कुलपात ठेवल्यात. येताना तुमची घिऊन या.