हजेरीचा कागद

प्रिय यास्मिन,

फोन करता आला असता. पण फोनवर मी अर्ध्यातच विषय बदलला असता, माझी सवय मला ठाऊक आहे. म्हणून उमरग्याला, तुझ्या फुफीच्या पत्त्यावर लिहिते आहे. दवाखान्यातली नोकरी बरी चालली आहे असं कळलं. इथे धाराशिवला कॉलनीची बाग आहे तशीच आहे. तू ज्याच्याखाली बसायचीस त्या करंजाला या वर्षी भरपूर फुलं आली, पाऊलवाट पार झाकून गेली. सकाळी फिरायला येणाऱ्यांची हजेरी अजून मीच घेते. तीन दिवस खाडा करणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, हा नियमही चालू आहे. बाबूराव तर मुद्दाम खाडा करतात की काय, असं वाटण्याइतका चहा आम्ही त्यांच्याकडून प्यालो.

तुझे अब्बा मात्र कधी चुकले नाहीत. गादीच्या दुकानातून अंगावरचा कापूस झटकत यायचे, तीन फेऱ्या मारायचे आणि सही करायचे. ही सही मीच त्यांना शिकवली. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरीसाठी अंगठा पुढे केला, तेव्हा मी म्हटलं, चाँदपाशा, तुमच्या पोरीला मी शिकवते आणि तुम्ही अंगठा लावता, हे मला शोभत नाही. पंधरा दिवसांत शिकले. ‘चाँ’वरचा चंद्र काढताना जीभ दातांत धरायचे. मला त्या सहीचा फार अभिमान होता. आता अभिमान हा शब्द लिहितानाही लाज वाटते.

तू दुपारी बागेत अभ्यासाला बसायचीस, हे मला माहीत होतं. घरात पत्र्याखाली उकाडा, शेजारी कापूस पिंजायचं मशीन, तू आणखी कुठे जाणार? पण त्याच बाकांवर कॉलेजची मुलंमुली जोडीनं बसू लागली आणि माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. बाग दहा ते पाच बंद ठेवावी असा अर्ज मी कॉलनीच्या समितीला दिला. भर उन्हाळ्यात कुलूप लागलं. तुझ्या भरतीच्या परीक्षेला दोन महिने उरले होते. तू समितीकडे दाद मागायला गेलीस, तर त्यांनी सह्यांचा कागद पुढे केला आणि त्यावर तुला अब्बांची सही दिसली. थोडक्या मार्कांनी तुझी निवड हुकली. त्यानंतर तू उमरग्याला गेलीस ती गेलीसच. वर्ष झालं, तू अब्बांशी बोलत नाहीस.

यास्मिन, तुझ्या अब्बांनी त्या अर्जावर सही केलीच नव्हती. त्या आठवड्यात रजिस्टर संपलं होतं, म्हणून हजेरी सुट्या कागदांवर चालली होती. समितीने सह्या मागितल्या आणि मी त्यातला एक कागद अर्जाला टाचून दिला. एवढ्याशासाठी दारोदार कोण फिरणार, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. विचारलं असतं तर चाँदपाशा म्हणाले असते, दुपारी माझी पोरगी बसते तिथं. आणि मला ते ऐकायचं नव्हतं. जन्मभर मुलांना सांगत आले, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि स्वतः हे केलं.

तू त्यांना विचारलंस, न वाचता सही कशी केली? ते म्हणाले, बाईंनी वाचून दाखवलं होतं, समजून केली. मी काहीच वाचून दाखवलं नव्हतं. तुला असं सांगून ते माझ्याकडे आले, तेव्हा मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, “सही तर माझीच हाय, बाई. माझ्यावर रुसली तर पोरगी कधीतरी परत येईल. तुमच्यावरनं मन उडालं तर तिनं कुणाकडं बघायचं?” आणि मी त्यांना तसं करू दिलं. वर्षभर रोज त्यांची हजेरी घेतली, त्यांच्या डोळ्यांत न बघता.

परवा सकाळी सगळ्यांसमोर मी हे सांगितलं. बाबूरावांनी तोंड फिरवलं, ते बरोबरच केलं. समितीने कुलूप काढलं. काल हे पत्र मी गादीच्या दुकानात बसून तुझ्या अब्बांना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून इथपर्यंत. या वेळी एकही ओळ गाळली नाही. खाली सही कराल का, असंही विचारलं. ते कापूस निवडत राहिले. म्हणाले, “सही नगं. एवढं सगळं कशाला लिवायचं? बाग दुपारची उघडी हाय, एवढंच लिवा. तिला कळंल.” त्यांनी सांगितलेलं तेवढं लिहिलं. बाकीचं माझं आहे, ते पाठवल्याशिवाय मला बागेच्या फाटकातून आत जाववत नाही. माझ्याशी बोलू नकोस, पण त्यांना फोन कर.

बाई म्हणवून घ्यायचा हक्क राहिला की नाही ठाऊक नाही, तरी तुझीच,
लीला