आधी एक आडवं अंडं काढा

श्री. बहिरूनाना यांना नाशिकहून शेखरचा सप्रेम नमस्कार. सौ. बयाबाईंनाही सांगावा.

इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य लोक सवयीने लिहितात. मी आज ते लिहून पुन्हा वाचलं आणि खरं आहे याची खात्री करून घेतली. गेल्या मंगळवारी लिहायला बसलो असतो तर पेन इथेच अडलं असतं. तुमचा गुडघा कसा आहे? छाटणी उरकली का? बागेला औषध मारताना तोंडाला फडकं बांधत जा असं तुमच्या पूजाने सांगायला सांगितलं आहे. (तुम्ही बांधणार नाही, हेही तिनेच सांगितलं.) बयाबाईंची दाढ काढली की अजून ठेवली आहे? असो. आता जरा ओट्यावर टेकून पुढचं वाचा.

आपल्या आरोहीचं डोकं दुखत होतं हे तुमच्या कानावर होतंच. सकाळी उठलं की उलटी, शाळेत बाकावर डोकं टेकून बसणं, असं चाललं होतं. मंगळवारी सकाळी ती मला म्हणाली, "आजोबा, आज दोन दोन आज्या दिसतायत." (एरवी या वाक्यावर मी काहीतरी विनोद केला असता. घरात एक उज्वला आहे तीच मला पुरते.) हर्षल आणि पूजा तिला तसेच उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, चालायला लावलं आणि म्हणाले, "एमआरआय करून घेऊ. उशीर नको." नाना, उशीर नको हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की पुढचं काहीच ऐकू येत नाही. हर्षल इंजिनिअर असून गाडीची चावी कुठे ठेवली ते विसरला. ती त्याच्या हातातच होती.

तुम्हाला त्याच वेळी फोन करायला हवा होता. पूजाच म्हणाली, नानांचं बीपी आहे, काय ते कळू दे, मग सांगू. तेव्हा रागवायचं असेल तर लेकीवर रागवा, मी नुसता व्याही आहे.

दुपारी आरोहीला त्या यंत्राच्या खोलीत नेलं. तुम्ही ते यंत्र पाहिलं आहे का? भलामोठा पांढरा डोनट, त्याला मधे भोक, आणि त्या भोकात माणूस सरकवायचा. आरोहीने ते पाहिलं आणि दाराची चौकट धरली. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग पायानेही. मागच्या रांगेतला एक पैलवानासारखा गृहस्थ तिचं रडणं ऐकून पांढरा पडला आणि आपली तारीख बदलून निघून गेला. गुंगीचं औषध द्यावं तर पोरीच्या छातीत कफ. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, खोकला गेल्याशिवाय मी हात लावणार नाही. म्हणजे एक तर तिने जागेपणी, न हलता आत पडून राहायचं, नाहीतर थांबायचं. आणि थांबायचं नव्हतं. तिथल्या सिस्टरने हळूच सांगितलं, "घरी खेळ खेळून तयार करा तिला. काहीतरी गोष्ट सांगा आणि परवा सकाळी आणा."

घरी आल्यावर हर्षलने गोष्ट काढली. ते यंत्र म्हणजे पाणबुडी, आपण समुद्राखाली जायचं, आवाज येतो तो इंजिनाचा. आरोही म्हणाली, "पाणबुडी कशी असते? काढून दाखव." हर्षलने माझ्याकडे बोट केलं. "आजोबा विमानांच्या कारखान्यात होते, ते काढतील."

ओझरच्या कारखान्यात मी होतो हे खरं. पण मी कॅन्टीनला होतो, नाना! विमानाशी माझा संबंध इतकाच, की ती बनवणाऱ्यांना दुपारी वरण कमी पडू द्यायचं नाही. हे आरोहीला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि ती वेळ सांगण्याची नव्हती.

मग फोनवर एका व्हिडिओत एक बाई सापडल्या. 'नवशिक्यांसाठी सोपी पाणबुडी.' फार गोड आवाज. म्हणाल्या, आधी एक आडवं अंडं काढा. मी काढलं. त्यावर एक छोटा डबा. डब्यातून वर एक वाकडी नळी. पोटावर गोल खिडक्या, मागे पंखा, पुढे बुडबुडे. झाली पाणबुडी! बाईंची झाली. माझी बघून आरोही म्हणाली, "हे वांगं आहे."

तिचं बरोबर होतं. डबा देठासारखा दिसत होता. मी दुसरी काढली, ती कुकर झाली. (उज्वला म्हणाली, शिट्टी छान आलीय.) हर्षलने पट्टी घेऊन काढली, ती एसटीची बस झाली. उज्वलाने काढली त्यात पंख्याची रांगोळी एवढी सुंदर झाली की पाणबुडी तिच्यापुढे दिसेना. आम्ही हसत होतो, पण एकमेकांकडे बघत नव्हतो. पूजा पाणी प्यायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती आणि वांग्याचा कागद तिच्या हातात होता. म्हणाली, "पप्पा, तिच्या डोक्यात खरंच काही असलं तर?" मी म्हटलं, "पूजा, खिडक्या किती काढू?" ती म्हणाली, "जेवढ्या मावतील तेवढ्या काढा." आणि डोळे पुसून माझ्याबरोबर बाहेर आली.

मग मी बाईंना थांबवून थांबवून, एकेक रेघ बघत बसलो. अंडं जरा लांबट घेतलं. डबा मधोमध बसवला. नळीला गुडघ्यासारखी एकच घडी दिली. खिडक्यांसाठी बाटलीचं झाकण ठेवून गोल ओढले. पुढे दोन डोळे आणि एक हसणारं तोंड काढलं. या वेळी आरोहीने खडू घेतला आणि पाणबुडी पिवळी रंगवली. नाना, मी आयुष्यात हजार माणसांचं जेवण वेळेवर काढलं आहे, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

गुरुवारी तो कागद घेऊन गेलो. पूजाने कागद माझ्या हातात दिला, आणि आत मी थांबायचं ठरलं. लोखंड आत चालत नाही. त्यांनी माझं घड्याळ काढलं, पट्टा काढला, करदोट्याला अडकवलेली सेफ्टी पिन काढली. पट्ट्याशिवाय माझी पँट राहत नाही हे तेव्हा कळलं. मग एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने पाणबुडी धरून मी तिच्या पायांशी उभा राहिलो. तिच्या डोळ्यांवर बसवलेल्या छोट्या आरशातून तिला कागद दिसत होता. कागद बघत बघत पोर आत गेली. चित्रात किती ताकद असते ते मला त्या दिवशी समजलं.

आणि यंत्र सुरू झालं. ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग कुणी पत्र्यावर हातोडे मारावेत तसं. ती हलली नाही. तेवढ्यात तिचं पोट आत ओढलं गेलेलं मला दिसलं. खोकला! मुठी आवळल्या, पायाची बोटं वळली, चेहरा आरशात लाल. खोकली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा ती आत गेली नसती. मी कागद हलवायला गेलो तर पँट निघाली. ती तशीच सोडून दिली, दोन्ही हातांनी पाणबुडी वर धरली आणि बुडबुड्यांसारखे गाल फुगवले. तिने आरशातून पाहिलं आणि तिनेही गाल फुगवले. यंत्र थांबलं तेव्हा कुठे ती खोकली. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "आलंय, छान आलंय." मग म्हणाला, "आजोबा, पँट."

रिपोर्ट संध्याकाळी. तोवर घरात कुणी बसलं नाही की उभं राहिलं नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, फार वेळ धरली, आणि म्हणाले, "डोक्यात काही नाही." आपल्या दोन्ही घराण्यांत हे वाक्य ऐकून आनंदाने रडण्याची ही पहिलीच वेळ असावी. अर्धशिशी आहे आणि डोळ्यांना नंबर आहे. वेळेवर जेवण, झोप, चष्मा. चष्मा गुलाबी घेतला. आता तिला एकच आजी दिसते.

बाकी मजेत. तुम्हा दोघांची वाट बघतो म्हणणार होतो, पण रविवारी आम्हीच वणीला येतोय.

आपला,
शेखर

ता. क. : वर एक गोष्ट राहिली. चित्राची ताकद वगैरे लिहिलं ते तितकंसं खरं नाही. त्या खोलीच्या दारात आरोहीने कागद नीट पाहिला, यंत्र पाहिलं आणि पुन्हा चौकट धरली. विचारलं, "ही चालवतं कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं, "वणीचे नाना." ती म्हणाली, "नाना तर द्राक्षं लावतात." मी म्हटलं, ते लोकांना दाखवायला, खरं काम हे, पण गुप्त असतं. तिने चौकट सोडली. "नाना आहेत तर मी जाते," म्हणाली आणि स्वतः चढून झोपली. तर नाना, तुम्ही पाणबुडी चालवता. रविवारी ती सगळं विचारणार आहे. शेततळ्यात का दिसत नाही म्हणाली तर दुरुस्तीला गेलीय म्हणा.

ता. क. २ : बयाबाईंना आधी समजावून ठेवा. त्या मधेच "यांना मोटार चालू करता येत नाही" म्हणाल्या तर माझी धडगत नाही. आताही फोन न करता पत्र लिहितोय ते याचसाठी; माझा फोन कायम आरोहीच्या कानाला असतो. पत्र वणीच्या गाडीवरच्या अमित कंडक्टरबरोबर पाठवतोय. वाचून चुलीत घाला.

ता. क. ३ : सगळ्यात अवघड काम शेवटी. यंत्राच्या स्पीकरमधून तो काचेपलीकडचा माणूस मधूनमधून बोलत होता, "शाब्बास बाळा, थोडंच राहिलं, घाबरू नको हं." आरोहीला वाटतं ते तुम्ही. सगळ्या कॉलनीला सांगत सुटलीय की पाणबुडीत असले की आमचे नाना अजिबात ओरडत नाहीत. तेव्हा रविवारपर्यंत तसल्या मऊ आवाजाचा सराव करून ठेवा. मजुरांवर करून पाहा. ते घाबरले तर बयाबाईंवर करून पाहा.